घाटावरची नोकरी

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, खोलीवर भांडी घासत असाल, जिथं असाल तिथून ऐका. आजचा विषय तुमच्यातल्याच काही जणांनी मागितलेला आहे. "सॉफ्टवेअरमध्ये येण्याआधी तू हॉटेलात होतास ना, त्यावर एकदा बोल की." तर आज बोलतो.

जून २०१५ ते जून २०१६, असं एक पूर्ण वर्ष मी महाबळेश्वरच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये कामाला होतो. नाव सांगणार नाही. कारण आज जे सांगणार आहे ते एका हॉटेलपुरतं नाहीच. आमच्या महाड-पोलादपूरकडच्या जवळजवळ प्रत्येक घरात कुणीतरी 'हॉटेल लाईन'मध्ये आहे, आणि त्या लाईनबद्दल बोलतं कुणीच नाही. लग्नाच्या बायोडेटात सुद्धा "मुंबईत खाजगी नोकरी" एवढंच लिहितात.

आधी जागा समजून घ्या. मी पोलादपूर तालुक्यातला. मुंबई-गोवा महामार्गावर महाड सोडलं की पुढे पोलादपूर, आणि पोलादपूरच्या नाक्यावरून डावीकडे फुटतो तो आंबेनळी घाट. कुंभरोशी, प्रतापगडचा फाटा, आणि मग महाबळेश्वर. अंतर साधारण ४० किलोमीटर. आमच्याकडे बोलताना दिशा दोनच: 'वर' आणि 'खाली'. वर म्हणजे घाटावर, खाली म्हणजे आपण. "तो कुठाय?" "वर गेलाय." एवढं पुरतं. पुढचं विचारायचं नसतं, कारण वर गेला म्हणजे हॉटेलात गेला.

आता इतिहासाचं दोन मिनिटं. कंटाळू नका, कामाचं आहे. महाबळेश्वर हे थंड हवेचं ठिकाण म्हणून उभं केलं इंग्रजांनी. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, १८२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांशी करार करून ती जागा घेतली. म्हणून तिथल्या पेठेचं नाव माल्कमपेठ. तेव्हा मुंबईच्या साहेबांचा वर जायचा एक रस्ता आमच्याच दारातून होता. बोटीनं बाणकोट, तिथून सावित्री खाडीनं महाडकडे, आणि पुढे पार घाटानं मेण्यात बसून वर. पुस्तकात लिहिलेलं असतं, 'साहेब मेण्यातून वर गेले'. मंडळी, मेणा स्वतः चालत नाही. त्याला खांदे लागतात. मला वाटतं आमची हॉटेल लाईन तिथूनच सुरू होते. फक्त तेव्हा खांद्यावर मेणा होता, आता हातात ट्रे आहे.

माझं कसं झालं, ते सांगतो. आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते गावाला आले ते आलेच. थोडा भात, वरकस जमिनीत नाचणी-वरी, एवढीच शेती. वडिलांनी मिळेल ते केलं. मी २०१५ मध्ये डिप्लोमा संपवला, कॉम्प्युटरमध्ये. त्याच वर्षी ताईचं लग्न. इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला जायचं होतं, पण फी आणि लग्न दोन्ही एका उन्हाळ्यात बसेना. घरात ठरलं, एक वर्ष थांबायचं. आमच्या वाडीतले एक काका वर रेस्टॉरंटमध्ये कॅप्टन होते. कॅप्टन म्हणजे वेटरांच्या वरचा, ऑर्डर घेणारा आणि सेक्शन सांभाळणारा. ते म्हणाले, "रिकामा कशाला बसतोस, ये वर." आज्जीनं पिशवीत एक घोंगडी आणि डबाभर तांदळाचं पीठ कोंबलं, आणि मी एसटीत बसलो.

पगार सात हजार. राहणं-खाणं हॉटेलचं. त्याच हॉटेलातल्या चांगल्या सुइटचं सीझनमधलं एका रात्रीचं भाडं होतं अठरा हजार. हा हिशोब पहिल्या दिवशी प्रत्येक जण करतो. दुसऱ्या दिवसापासून कुणी करत नाही, कारण रोज केला तर काम होणार नाही.

रिसॉर्टला दोन दारं असतात. पुढच्या दारात दगडी भिंत, कारंजं, हार आणि वेलकम ड्रिंक. मागच्या दारात टाइम ऑफिस, हजेरीचं मशीन, आणि सिक्युरिटीवाला, जो जाताना तुमची पिशवी उघडून बघतो. आत आलात की बॉयलरचा आवाज, लाँड्रीची वाफ, कांद्याची पोती. पुढच्या बाजूला कुजबुजत बोलायचं, मागच्या बाजूला ओरडून. या दोन्हींच्या मध्ये एक ढकलायचं दार असतं. त्या दारातून बाहेर पडताना माणसाचा चेहरा कसा बदलतो, ते मी वर्षभर बघितलं. आमच्या कॅप्टनकाकांचा खांदा दुखायचा. आत ते तेलाची बाटली शोधत असायचे, दार ढकललं की सरळ ताठ, "गुड इव्हनिंग सर".

पहिले काही महिने मला हाउसकीपिंगला टाकलं. लोकांना वाटतं, चादर घालायची त्यात काय. एका रूमबॉयला दिवसाला बारा-चौदा खोल्या. गेस्ट सोडून गेलेली खोली पूर्ण तयार करायला पाऊण तास लागतो, आणि कामाचा क्रम ठरलेला. आधी खिडकी उघडायची. मग पलंगावरचं सगळं कापड काढायचं. बाथरूममध्ये केमिकल मारून ठेवायचं, म्हणजे ते भिजेपर्यंत तुम्ही पलंग लावता. धूळ पुसायची ती दारापासून सुरू करून एकाच दिशेनं, गोल फिरत, म्हणजे काही सुटत नाही. व्हॅक्यूम सगळ्यात शेवटी, आतून दाराकडे येत, म्हणजे गालिच्यावर तुमचं पाऊल राहत नाही. आपण तिथं होतो याची खूणच ठेवायची नाही, हे त्या कामाचं शिक्षण.

मी आलो तो पावसाळा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. ढग शब्दशः खोलीत येतो. पूर्वी पावसाळ्यात बंगले बंद करून भिंतींना गवताचा आडोसा बांधायचे. आता हॉटेलं बारा महिने चालू. त्यामुळे टॉवेल वाळत नाहीत, कपाटाला बुरा येतो, उशीला वास येतो. चादरींचा हिशोब असा की प्रत्येक पलंगामागे किमान तीन जोड लागतात: एक पलंगावर, एक लाँड्रीत, एक कपाटात. याला 'पार' म्हणतात. पावसाळ्यात लाँड्री मागे पडली की तीनाचे चार लागतात. तो चौथा जोड नसला तर मॅनेजर रूमबॉयवर ओरडतो. पाऊस कुणाचंच ऐकत नाही, म्हणून रूमबॉयनं ऐकायचं.

इथं कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक गंमत. हाउसकीपिंगच्या शीटवर प्रत्येक खोलीपुढे एक अवस्था लिहिलेली असते: रिकामी-घाण, रिकामी-स्वच्छ, तपासलेली, गेस्ट आत, आज जाणार, दुरुस्तीला. एका अवस्थेतून कुठल्याही अवस्थेत उडी मारता येत नाही. 'रिकामी-घाण'ची 'तपासलेली' थेट होत नाही, मध्ये 'स्वच्छ' लागतेच. पुढे लोणेऱ्याला सरांनी फळ्यावर स्टेट मशीन काढलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सुपरवायझर मॅडमची पेन्सिल होती.

आता थोडं अवघड बोलतो. स्टाफ कॅन्टीनमध्ये सगळे एका टेबलावर जेवायचे. महाडचा, जावळीचा, बिहारचा, नेपाळचा, दार्जिलिंगचा. तिथं कुणी कुणाला आडनाव विचारायचं नाही. हे मला फार आवडलं होतं. पण ड्युटी चार्ट भिंतीवर लागायचा, तो नीट वाचला की दिसायचं, लॉबीची संडासं आणि गटाराची लाईन ज्यांच्याकडे आहे त्यांची आडनावं कुठली, आणि रेस्टॉरंटच्या दारात उभं राहणाऱ्यांची कुठली. कुणी ठरवून केलं असेल असं म्हणत नाही. कुणी ठरवून बदललं मात्र नव्हतं. आम्ही महाडजवळचे लोक. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळीनं पाणी प्यायले, ते तळं आमच्या बाजाराच्या वाटेवर आहे. एका टेबलावर जेवणं ही फार मोठी गोष्ट आहे, ती मिळवायला किती लागलं ते आम्हाला माहीत असायला हवं. पण जेवणानंतर कुणाच्या हातात कुठला झाडू येतो, हे बघणंही तेवढंच लागतं.

दिवाळीआधी मला रेस्टॉरंटमध्ये घेतलं. तिथं कॅप्टनकाका माझे गुरू. पाणी उजवीकडून, ताटलीतून वाढायचं ते डावीकडून, रिकामी प्लेट उजवीकडून उचलायची. टेबलाशी गेलात की आधी लहान मुलाकडे बघा, कारण पोर शांत असेल तर आई शांत, आई शांत असेल तर सगळं टेबल शांत. हे कुठल्या पुस्तकात नसेल, पण मी आजही मीटिंगमध्ये वापरतो. सगळ्यात चिडलेला माणूस कोण आणि त्याचं पोर कोण, हे आधी शोधतो!

बफेमध्ये एक काउंटर होता, 'हेल्दी कॉर्नर'. त्यावर नाचणीची भाकरी ठेवायचे, चार बोटांएवढी, वर तुपाचा थेंब. पाटीवर लिहिलेलं 'रागी'. आमच्यातला एक जण ती बघून म्हणाला, "आयला, हिला पण वर नोकरी लागली." आम्ही हसून हसून मेलो. घरी नाचणी म्हणजे तांदूळ संपल्यावरचं अन्न. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा मला ती पाटीच आठवली. माल आमच्या वरकस जमिनीतला, नाव बदललं की भाव बदलतो. माणसाचंही तसंच होतं, यावर पुढे येतो.

एप्रिल-मे म्हणजे कत्तल. सगळ्या खोल्या भरलेल्या, वेण्णा लेकपासून गाड्यांची रांग, आणि आम्हाला ब्रेक शिफ्ट. सकाळी सातला नाश्त्याला उभं राहायचं, अकराला सुटायचं, संध्याकाळी पुन्हा सातला यायचं, बारा वाजेपर्यंत. कागदावर नऊ तास. पण मधल्या वेळेत घरी जाता येत नाही, दुसरं काही करता येत नाही. बंक बेडवर पडून मोबाईल बघायचा. दिवस सगळा हॉटेलचाच.

टिपबद्दल लोक नेहमी विचारतात. टिप दोन प्रकारची. हातात दिलेली, आणि बिलात 'सर्व्हिस चार्ज' म्हणून लागलेली. हातातली आमच्याकडे पेटीत जायची आणि महिन्याला वाटली जायची, म्हणजे भांडी घासणाऱ्यालाही वाटा मिळायचा. ही पद्धत मला न्याय्य वाटते. सर्व्हिस चार्जचं मात्र किती आलं आणि किती वाटलं, हे आम्हाला कधी कागदावर दिसलं नाही. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते मान्य केलं. ग्राहक म्हणून तुम्ही तो नाकारू शकता. फक्त नाकारून वाचलेल्यातले पन्नास रुपये वाढणाऱ्याच्या पेटीत टाका, एवढंच म्हणेन.

शेवटचे महिने फ्रंट ऑफिसला, रात्रपाळी. कारण मला टाइपिंग येत होतं. तिथं एक गोष्ट कळली ती ऐका. हॉटेलची तारीख रात्री बारा वाजता बदलत नाही. नाइट ऑडिट झालं की बदलते. दिवसभराची बिलं, खोल्यांचं भाडं, रेस्टॉरंटची रक्कम, सगळं जुळवायचं, आणि मग बटण दाबायचं. कधी दोन वाजतात, कधी चार. तोपर्यंत बाहेर सोमवार लागलेला असतो आणि आत रविवारच. आज मी पेमेंटच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, तिथंही हाच प्रकार आहे. पहिल्या आठवड्यात 'बिझनेस डेट' शब्द आला, टीममधली मुलं गोंधळली, मी गप्प हसत होतो.

जून २०१६ मध्ये मी खाली आलो आणि लोणेऱ्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात बी.टेक.ला प्रवेश घेतला. फीचा पहिला हप्ता त्या वर्षाच्या पगारातून भरला. माझी गोष्ट इथं नीट संपते. पण कॅप्टनकाका वरच राहिले, आणि खरं बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

काका तेव्हा सतरा वर्षं त्या लाईनमध्ये होते. दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतून शिकून आलेली मुलं ट्रेनी म्हणून यायची, काका त्यांना ट्रे धरायला शिकवायचे, आणि दोन वर्षांत ती मुलं त्यांची मॅनेजर व्हायची. काकांना वाईनची नावं पाठ, गेस्टच्या मुलांचे वाढदिवस पाठ. अडायचं कुठं? इंग्रजी ई-मेलमध्ये. बोलता येत होतं, लिहिता येत नव्हतं. रात्रपाळीला मी त्यांचे ई-मेल लिहून द्यायचो. भाषेची एक पातळ काच, आणि सतरा वर्षं माणूस तिच्या अलीकडे उभा. शेतातली नाचणी 'रागी' होऊन बफेवर पोचली, काकांना मात्र नवी पाटी मिळाली नाही.

आणि दुसरी गोष्ट, रस्ता. आमच्याकडे सगळं रस्त्यावर लटकलेलं असतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसकट. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली. महाबळेश्वरला सहलीला निघालेली माणसं. तीस गेली, एक वाचला. आणि मग २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस. तेच पाणी खाली सावित्रीत आलं आणि महाड बुडालं. तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर दरड पडली.

मी पुण्यात होतो, घरून काम चालू होतं. गावाला फोन लागत नव्हता. काका वर होते, त्यांचाही घरी फोन लागत नव्हता. आंबेनळी घाट जागोजागी तुटलेला. घर ४० किलोमीटरवर, आणि जायला वाट नाही. तीन दिवसांनी ते वाई-पुणे करून ताम्हिणीनं माणगावला उतरले, तिथून महाड, तिथून पोलादपूर. अडीचशेहून जास्त किलोमीटर. पुण्यात माझ्याकडे तासभर थांबले. चहा प्यायले नाहीत. एकच वाक्य बोलले: "बावीस वर्षं दुसऱ्याच्या खोलीचं छप्पर गळतंय का बघितलं रे. माझ्या घराचं कोण बघतंय?"

घर उभं होतं. माणसं शाळेत हलवलेली होती. गणपती झाल्यावर काका परत वर गेले. हे मी दुःखाची गोष्ट म्हणून सांगत नाहीये. नोकरी आहे, जावं लागतं. पण वरच्या काचेच्या खिडकीतून 'व्हॅली व्ह्यू' म्हणून जे दाखवतात, ज्याचे जादा पैसे घेतात, त्या व्हॅलीत आमची घरं आहेत. ढग बाजूला झाला की वाढणाऱ्याला त्या दिशेला त्याचा डोंगर दिसतो. गेस्ट म्हणतो, "ब्यूटिफुल." तो म्हणतो, "येस सर." दोघं एकाच ठिकाणी बघत असतात.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या ऑफसाइटला आम्हाला एका बड्या हॉटेलात ठेवलं होतं. निघताना मी सवयीनं वापरलेले टॉवेल एका जागी ठेवले, चादर काढून गुंडाळली. रूमबॉय आत आला, बघितलं आणि म्हणाला, "सर, लाईनमधले का?" म्हटलं, हो. त्यानं विचारलं कुठले, मी म्हटलं पोलादपूर. तो म्हणाला, "मी मंडणगड." मग दोघंही दहा मिनिटं पावसाबद्दल बोललो.

आता शेवटी कामाचं. जे गेस्ट म्हणून जाणार आहात त्यांनी एवढं करा. छातीवर नावाची पाटी असते, नावानं हाक मारा, "ए शुक शुक" नको. चेक-आउटची वेळ पाळा, तुमचा उशीर पुढच्याच्या तक्रारीत आणि रूमबॉयच्या जेवणाच्या सुट्टीत जातो. जाताना टिप द्यायची असेल तर खोलीतही ठेवा, फक्त रेस्टॉरंटमध्ये नको. खोली करणारा तुम्हाला दिसत नाही, म्हणून त्याला कुणी देत नाही.

आणि आमच्या भागातली जी पोरं-पोरी आता बारावी करून वर निघाली आहेत, त्यांनी जायच्या आधी चार गोष्टी विचारा. पीएफ कापतात का, आणि यूएएन नंबर मिळतो का. तो मोबाईलवर स्वतः तपासा. आठवड्याची सुट्टी सीझनमध्ये राहते की साठवतात. ओव्हरटाइम कागदावर येतो का. सोडताना अनुभवाचं पत्र देतात का. लाजू नका, विचारा. गेस्ट गाडीतून उतरायच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारतो, तुम्ही तर वर्षभर राहायला चाललाय.

पाचवी गोष्ट, ब्रेक शिफ्टमधल्या त्या मधल्या तासांत रोज एक इंग्रजी ई-मेल लिहा. कुणालाही, अगदी स्वतःलाच. काका आता लिहितात. मागच्या महिन्यात त्यांचा मला मेल आला होता, चार ओळींचा. स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. खाली सही होती: असिस्टंट मॅनेजर, फूड अँड बेव्हरेज.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या घरातलं कुणी हॉटेल लाईनमध्ये असेल तर त्यांना हा भाग पाठवा, आणि त्यांचं म्हणणं मला व्हॉइस नोट करून पाठवा. पावसात घाटातून जाणार असाल तर सावकाश जा.